नारिंज, नारंज, लारांज

आक्का, तुझं दिवसकार्य आटोपून मी गेल्या आठवड्यात अमरावतीला परतलो. शेंदूरजनाघाटच्या घरी माणसं बसायला येत होती. शेवटी बोलली का, पाणी मागितलं का, ताप किती दिवस होता, हेच सगळे विचारत होते, आणि मीही सगळ्यांना तीच उत्तरं देत होतो. इथे येऊन जोडे काढताना वाटलं की यातलं काहीच तुझं नव्हतं. ताप कुणालाही येतो. जे तुझं म्हणून होतं ते कुणी विचारलंच नाही. म्हणून आता तुझ्याशीच बोलतो. मी बोलत असलो की तू मधेच तोडायचीस, तेवढं आता होणार नाही. त्याची सवय करावी लागेल.

ती वर्षं कापसाची होती. अमेरिकेत लढाई लागली, तिकडचा कापूस विलायतेला जायचा थांबला आणि आपल्या काळ्या मातीला असा भाव चढला की लोक ज्वारी पेरेनात. बैलांच्या गळ्यात चांदीच्या घंटा आल्या. मळ्याच्या कडेला चार मिरच्या लावायची जागाही कापसाच्या पऱ्हाटीनं घेतली. आणि अशा दिवसांत तू, दाजी वारल्यावर, विहिरीखालची सगळ्यात चांगली जमीन नारिंगाच्या झाडांसाठी धरून बसली होतीस.

आबाजी बोलायला आला त्या दिवशी मी तिथेच होतो. मी शिकवतो त्या शाळेला दिवाळीची सुट्टी होती, म्हणून आलो होतो. तुझा दीर म्हणजे गावचा पाटील, कमी बोलणारा माणूस. ओसरीवर बसला, पाणी प्याला आणि सरळ विषयाला आला.

"वयनी, कापूस सोन्यासारखा इकून राह्यला," तो म्हणाला. "आन् आपली पान्याखालची जागा ह्या आंबट फळानं अडवून ठेवली. सांगा, कावून?"

"फळ आंबट नाई. तुमी कच्चं तोडून खाता," तू म्हणालीस.

"मी खायाचं नाई बोलून राह्यलो. बाजाराचं बोलून राह्यलो. हे घेते कोन?"

"अमरावती मानसायनं भरून राह्यली. कोनी तं घेईन."

"आन् इकीन कोन?"

"मी इकीन."

आबाजी हसला नाही. पाटलाच्या घरची सून बाजारात पाटी मांडून बसणार, यात त्याला हसण्यासारखं काही दिसलं नसावं. त्यानं उठून जोडे पायात घातले. मग म्हणाला, "हा हंगाम पायतो. नाई जमलं तं होळीनंतर कुऱ्हाड." तू म्हणालीस, बरं. तुमच्या घरात एवढं मोठं भांडण एवढ्या थोड्या शब्दांत झालेलं मी दुसरं पाहिलं नाही.

मग तू गाडी भरून माझ्याकडे आलीस आणि सगळा हिवाळा राहिलीस. गडी मागून नवा माल आणायचा आणि तू बाजारात बसायचीस. तेव्हाची अमरावती तुला आठवते ना? कापसामागे सगळा देश आला होता. गुजराती दलाल, मारवाडी, मिर्झापूरचे गाडीवान, मुंबईच्या पेढ्यांची माणसं आणि बडनेऱ्याला रेल्वेचं मातीकाम चाललेलं, त्याच्यावरचे दूरदूरचे मजूर. तू पहिल्या दिवशी आपल्या गावच्या आवाजात "नारिंगं घ्या नारिंगं" म्हणून ओरडलीस. संध्याकाळी घरी येऊन पाय पसरून बसलीस आणि विक्रीबद्दल अवाक्षर न काढता म्हणालीस, "बापू, मजाच हाय. दलालाची बायको नारंगी म्हनते. गाडीवानबी नारंगीच म्हनते. नाव आपलंच, शेपूट तेवढं बदललं."

तिथून ते सुरू झालं. पुढे रोज फळाबरोबर तू नाव विचारायला लागलीस. "तुमच्याकडे याले काय म्हनता?" भाव मग. कित्येकदा गिऱ्हाईक भावासाठी खोळंबून उभं असायचं आणि तुझं नावच संपत नसायचं.

यल्लम्मा आली तो दिवस मी कधीही सांगू शकेन, कारण शाळा सुटल्यावर मी तुझ्याजवळच उभा होतो. तेलंगणातून मातीकामावर आलेली बाई, डोक्याला चुंबळ तशीच. तिनं फळाकडे बोट दाखवलं आणि म्हणाली, "नारिंजकाय."

तू विचारलंस, "काय?"

ती खूश झाली. मान हलवून म्हणाली, "काय. काय."

"अवो, तेच तं मी इचारून राह्यली. काय?"

"काय," ती म्हणाली, आणि एक फळ उचलून तुझ्या हातात ठेवलं, म्हणजे तुला नीट कळावं.

तुम्ही दोघी किती वेळ एकमेकींना काय काय म्हणत होतात कोण जाणे. शेवटी त्यांचा मुकादम आला, त्याला थोडी आपली भाषा यायची. त्यानं सांगितलं की त्यांच्याकडे 'काय' म्हणजे फळ. तू इतकी हसलीस की पाटीला धक्का लागून नारिंगं शेजारच्या लसूणवालीच्या दुकानाखाली गेली. यल्लम्माही हसली, आणि ती वेचायला तुझ्याआधी तीच वाकली. त्या दिवसापासून बाजाराच्या दिवशी ती तुझ्याकडे येऊन बसायची. तू तिच्याकडून शब्द घ्यायचीस, ती तुझ्याकडून.

रेल्वेच्या इंजिनेर साहेबाचा स्वयंपाकी आंतोन गोव्याचा. तो म्हणाला, घरी आम्ही नारिंग म्हणतो, पण पाद्री लारांज म्हणतात, पोर्तुगालात तसंच म्हणतात. आणि साहेब काय म्हणतो? साहेब ऑरिंज म्हणतो. तुला ते ऑरिंज झोपू देईना. लारांजमध्ये 'न'चा 'ल' झाला हे तू मान्य केलंस, "जीभ घसरते मानसाची," म्हणालीस. पण साहेबाच्या शब्दात पहिलं अक्षरच नाही. "बापू, 'न' कुठी सांडला?" मी शाळेत इंग्रजीचा पहिला धडा शिकवणारा मास्तर, माझी धाव तेवढीच.

एकदा साहेब स्वतःच आंतोनबरोबर आला, तर तू त्यालाच विचारलंस. आंतोननं प्रश्न समजावून सांगितला. साहेबानं फळ हातात घेतलं. मग म्हणाला की आमच्यात एखादी वस्तू म्हणताना आधी 'अ' किंवा 'अन' लावतात, जुने लोक सांगतात की फळाचा 'न' हळूहळू त्या 'अन'ला जाऊन चिकटला. खात्री त्यालाही नव्हती. पण तुला ते पटलं. तू म्हणालीस, "म्हनजे 'न' हरवला नाई. शेजाऱ्यानं नेला." आंतोननं ते साहेबाला सांगितलं तेव्हा साहेब बाजारात उभा राहून हसला. गोरा माणूस आमच्या बाजारात हसताना लोकांनी प्रथमच पाहिला असेल.

नाताळच्या सुट्टीत तू मला अकोल्याला न्यायला लावलंस. मोर्णा नदीच्या पलीकडे, जुन्या शहरात, आपल्या बाबांच्या ओळखीचे मुन्शीजी राहत. निजामाच्या अमलात कचेरीचं फारसी दफ्तर त्यांनी सांभाळलं होतं, आता डोळे अधू झाले होते. तू त्यांच्यापुढे नारिंगं ठेवलीस. त्यांनी एक हातात घेतलं, नाकाशी नेलं आणि म्हणाले, "नारंज." मग सावकाश समजावून सांगितलं, की फारसीत मूळ नारंग, "मगर अरबों के पास ग नहीं, बाई. तो उन्होंने ज कर दिया." अरबांनी ते फळ आणि ते नाव जहाजांवर घातलं आणि पार स्पेन-पोर्तुगालपर्यंत नेलं. परतताना गाडीत तू बोटांनी हवेत रस्ता काढून दाखवलास: इथून इराण, इराणातून अरब, अरबांकडून आंतोनचे पोर्तुगीज, तिथून साहेबाचं विलायत. "आन् आता साहेब त्याले घेऊन बडनेऱ्याले आला," तू म्हणालीस. "जग फिरून मायेरी आलं ते."

आपलं भांडण मात्र त्यानंतरचं, आणि ते अजून मिटलेलं नाही. आमच्या शाळेतल्या शास्त्रीबुवांनी सांगितलं की मूळ संस्कृत नागरंग. नाग म्हणजे शिसं, शिशाचा शेंदूर होतो, त्या शेंदराच्या रंगाचं म्हणून नागरंग, त्याचंच नारंग. मला ते सुंदर वाटलं. शेंदूरजनाघाटातल्या बाईला तर फारच आवडेल असं वाटलं. तू ऐकून घेतलंस आणि म्हणालीस, "नाव ठेवाले शेंदूर लागला? फळ आंदी आलं का शेंदराची डबी आंदी?"

तुझं म्हणणं होतं की नाव दक्षिणेचं आहे. अचलपूरच्या छावणीतली एक मद्रासी शिपायाची बायको नारत्तंगाय म्हणाली होती. त्यातलं शेवटचं 'गाय' म्हणजेही 'काय'च. यल्लम्माकडेही तेच. "ज्याच्या वाडीत झाड, त्याच्या तोंडी नाव," तू म्हणायचीस, "ग्रंथात मंग गेलं." मी म्हणायचो, अगं, संस्कृतातून त्यांच्याकडे गेलं नसेल कशावरून? तू म्हणायचीस, त्यांच्याकडून संस्कृतात आलं नसेल कशावरून? शास्त्रीबुवांनी तुझा मुद्दा शांतपणे ऐकला आणि त्यांनीही मान्य केलं नाही, पण पुढे शाळेत भेटले की आधी विचारायचे, "भगिनी काय म्हणतात?" मी अजून त्यांच्याच बाजूचा आहे, आक्का. तू गेलीस म्हणून मी बाजू बदलणार नाही. तुला ते मुळीच आवडलं नसतं.

हे सगळं गमतीचं वाटत होतं, तोवर फाल्गुन आला आणि बडनेऱ्याच्या मातीकामावर पटकीची साथ आली.

आबाजी त्याच सुमारास अमरावतीला आला होता. हंगाम संपत आला होता, त्याला निकाल हवा होता. तू म्हणालीस, आंतोनकडे शेवटची पाटी पोचवून येऊ, मग बोलू. म्हणून आपण तिघं गाडीनं बडनेऱ्याला गेलो. गावाबाहेरच्या विहिरीवर गर्दी दिसली. मजुरांच्या बायका रिकाम्या घागरी घेऊन उन्हात उभ्या होत्या आणि विहिरीच्या काठाला गावचे लोक काठ्या घेऊन. रोग या परक्यांनी आणला, यांनी विहिरीला शिवायचं नाही, असं गावानं ठरवलं होतं. त्या बायका काही सांगत होत्या, हे काही सांगत होते, कुणाचं कुणाला कळत नव्हतं. नाल्यातलं गढूळ पाणी प्यायल्यावाचून त्यांना गती नव्हती.

तू गाडीतून उतरलीस आणि बायकांमध्ये यल्लम्माला शोधलंस. ती नव्हती. एकीनं झोपड्यांकडे हात केला.

"वयनी, तिकडे नोका जाऊ," आबाजी म्हणाला. "पटकी हाय तिथी."

"हाय म्हनूनच जा लागते," तू म्हणालीस. पण आधी विहिरीकडे गेलीस. मी तुझ्या मागे होतो. गावच्या लोकांपुढे उभी राहून तू म्हणालीस, "इहीर तुमची हाय. त्याईले हात नका लावू देऊ. तुमी पानी वढा आन् त्याईच्या घागरीत वरून वता. तुमची इहीर तशीच राहीन. पन बिनापान्याचं मानूस नका मारू."

"तू कोन सांगनारी?" त्यांच्यातला एक म्हातारा म्हणाला.

तू काही उत्तर द्यायच्या आत आबाजी पुढे आला. डोक्यावर पागोटं, हातात वेताची काठी, पाटील म्हणून कुणीही ओळखावा असा. त्यानं काठी माझ्याकडे दिली, बाराबंदीच्या बाह्या वर केल्या आणि काठावरचा दोर हातात घेतला. "सरका," एवढंच म्हणाला. पोहरा खाली सोडला. पाटलानं ओढलेलं पाणी अडवायचं कुणी, हे त्या लोकांना सुचेना. मी पोहरा घेऊन घागरींत ओतत गेलो. थोड्या वेळानं त्या काठीवाल्यांतलाच एक तरुण माणूस पुढे होऊन आबाजीच्या जोडीला दोराला लागला.

तू तोवर झोपड्यांच्या वाटेनं गेली होतीस, पदरात नारिंगं. तुझा आवाज मला विहिरीपर्यंत ऐकू येत होता. "नारिंजकाय, नारिंजकाय." बाजारात ओरडायचीस तसाच. त्या भाषेत तुला दुसरं फार काही येत नव्हतं. पण ते ऐकून एकेका झोपडीचं तरटाचं दार उघडत गेलं, कारण परक्या गावात कुणी परका माणूस आपल्या शब्दात हाक मारतोय, हेच त्यांना कितीतरी दिवसांत घडलं नव्हतं. यल्लम्मा कोपऱ्यात पडली होती. तू तिला विहिरीचं पाणी पाजलंस, फळाचा रस थेंबथेंब ओठांवर सोडलास. ती जगली. कितीतरी जण जगले नाहीत, त्यात तिचा नवरा होता. सबंध पंधरवडा आपण रोज जात राहिलो, आणि आबाजी निकाल न मागता रोज दोर ओढत राहिला. पुढे लाइन नागपूरकडे सरकली आणि तिच्यामागे ती माणसंही गेली. यल्लम्मा जाताना तुझ्या गळ्यात पडून काहीतरी लांबलचक बोलली. त्यातला एकही शब्द तुला कळला नव्हता, हे तूच मला सांगितलंस आणि डोळे पुसलेस.

मला तेव्हा वाटलं होतं की आता आबाजी झाडांना हात लावणार नाही. पण माणूस असा एका विहिरीवर बदलत नाही. होळीनंतर त्यानं नाल्याकडची अर्धी बाग तोडलीच. तू बांधावर उभी राहून शेवटचं झाड पडेपर्यंत बघत होतीस. "अर्धी माजी," तो म्हणाला. "अर्ध्याले मी हात लावनार नाई." तू त्याच्याशी कितीतरी दिवस बोलली नाहीस. मला मात्र निरोप पाठवलास की उरलेली झाडं चांगली आहेत, पुढच्या हिवाळ्यात येते, खोली झाडून ठेव.

पुढच्या वर्षी अमेरिकेतली लढाई संपली आणि कापूस असा पडला की अमरावतीत पेढ्यांची दारं दिवसाढवळ्या बंद दिसू लागली. आबाजीचा माल कोठ्यात तसाच राहिला. तू त्याला एका शब्दानं बोलली नाहीस. या गोष्टीचा मला तुझ्या सगळ्या शब्दांपेक्षा अधिक अभिमान आहे. बोलायला तुझ्याकडे किती होतं, आणि जीभ तर किती धारदार. पावसाळ्यात एकदा तू मळ्यात गेलीस तर आबाजी नाल्याकडच्या त्या पट्ट्यात खड्डे घेत होता, शेजारी नारिंगाची रोपं. तू विचारलंस, "कापूस नाई?" तो मान वर न करता म्हणाला, "मातीले आराम." तू खाली बसून रोपं धरलीस. हे मला आबाजीनंच सांगितलं, तुझ्या दिवसांत.

आक्का, लोक मला मास्तर म्हणतात. पण अमरावतीच्या बाजारात मी अजूनही नारिंगवाल्या बाईचा भाऊ आहे, आणि ही ओळख मला कधीच कमी वाटली नाही. तुला अक्षर येत नव्हतं. मी शिकवतो म्हटलं तर तू टाळायचीस. तुला कानानं मिळत होतं ते पुरत होतं. मी तुला कधी म्हणालो नाही की शाळेत पोरांपुढे नकाशा टांगला की मी आधी आपलं वऱ्हाड दाखवतो आणि मग तुझ्या बोटांनी काढलेला तो रस्ता. पोरांना वाटतं मी तो पुस्तकात वाचला. हे तुला सांगायचं राहून गेलं.

आता आज सकाळचं सांगतो. या वर्षीची फळं तू जाताना झाडावरच होती. आबाजी म्हणाला, वयनीचा माल सडू देणार नाही, आणि गाडी भरून माझ्याबरोबर आला. आज रविवार, शाळा नाही, म्हणून मीही बाजारात गेलो. तो तुझ्या जागेवर ताठ बसला होता. हाक मारणं त्याला जमेना. गिऱ्हाईक आलं की नुसता फळाकडे बोट दाखवायचा. मग एक उंच, काळ्या मिशांचा माणूस थांबला. कपडे साहेबाचे, पण इंग्रज नव्हे. रेल्वे बडनेऱ्यापर्यंत आल्यापासून मुंबईच्या पेढ्यांचे असे खरेदीदार येतात. त्यानं एक नारिंग उचललं, नखानं साल टोचली, वास घेतला आणि डोळे मिटले. भाव विचारायला त्यानं तोंड उघडलं, तेवढ्यात आबाजीच बोलला.

"तुमच्या मुलकात याले काय म्हनता?"

त्या माणसाला समजायला थोडा वेळ लागला. मोडक्या हिंदुस्थानीत तो म्हणाला की त्याचा मुलूक ग्रीस, समुद्राकाठी, त्याच्या घराच्या अंगणात हेच झाड आहे. मग त्यानं नाव सांगितलं. आबाजीनं ते परत म्हणवून घेतलं, स्वतः म्हणून पाहिलं, चुकलं, पुन्हा म्हटलं. तो माणूस फळं घेऊन गेल्यावर आबाजी माझ्याकडे वळला.

"बापू, हे नाव वयनीपाशी होतं का?"

"नव्हतं," मी म्हणालो.

त्यानं गेलेल्या फळांच्या जागी दुसरी मांडली. मग म्हणाला, "तं सांगजो तिले."

नेरांजी, आक्का. तिकडे नेरांजी म्हणतात.